खिडकीतून दिसलेलं आरमार

२५ ऑगस्ट १८९६ रोजी झांझिबारचा सुलतान हमद बिन थुवैनी वारला. त्याचा चुलतभाऊ खालिद बिन बर्घश काही तासांत राजवाड्यात शिरला आणि त्याने स्वतःला सुलतान जाहीर केलं. ब्रिटिशांना गादीवर हमूद बिन मोहम्मद हवा होता. २७ तारखेला सकाळी नऊ वाजता त्यांनी दिलेली मुदत संपली. नऊ वाजून दोन मिनिटांनी रिअर ॲडमिरल हॅरी रॉसनच्या जहाजांनी राजवाड्यावर तोफा डागल्या आणि साधारण ३८ मिनिटांत प्रकरण आटोपलं. राजवाड्याच्या बाजूची सुमारे ५०० माणसं मेली किंवा जखमी झाली. ब्रिटिशांचा एक खलाशी जखमी झाला.

‘जगातलं सर्वांत छोटं युद्ध’ या नावाने ही गोष्ट तुमच्या फोनवर कधी ना कधी येऊन गेली असेल. मागे मजेशीर संगीत आणि ‘पिझ्झा यायलाही यापेक्षा जास्त वेळ लागतो’ छापाची एखादी ओळ. मला त्या गमतीचा राग नाही. तक्रार एवढीच की ३८ मिनिटं मोजताना त्यांच्या आधीची चाळीस वर्षं गायब होतात. गादीचा एक दावेदार राजवाड्यात, दुसरा ब्रिटिशांच्या हाताशी आणि बंदरात नांगरलेल्या तोफा, हे चित्र झांझिबारने १८९६मध्ये पहिल्यांदा पाहिलं नव्हतं. १८५९मध्ये जवळजवळ हेच घडलं होतं. आणि त्या वेळी घराच्या आत असलेल्या एका पंधरा वर्षांच्या मुलीने पुढे ते सगळं लिहून ठेवलं.

ती मुलगी म्हणजे सय्यिदा सालमे. लग्नानंतरचं नाव एमिली रुएटे. १८९६च्या खालिदची ती आत्या. तिचं पुस्तक १८८६मध्ये बर्लिनमध्ये जर्मन भाषेत आलं आणि दोन वर्षांनी इंग्रजीत. ‘मेमॉइर्स ऑफ ॲन अरेबियन प्रिन्सेस’ या नावाने ते ओळखलं जातं. अरब स्त्रीने लिहून प्रसिद्ध केलेलं पहिलं आत्मचरित्र असा त्याचा उल्लेख सहसा होतो, आणि बहुतेक वेळा तेवढ्यावरच थांबतो. जनानखाना, दागिने, खाणंपिणं, लग्नाच्या रीती यांसाठी ते वाचलं जातं. मी इथे दुसऱ्या एका गोष्टीसाठी ते वाचायचा आग्रह धरणार आहे. आरमाराच्या जोरावर चालणारी मुत्सद्देगिरी ज्या घरावर चालते त्या घरातून ती कशी दिसते, हे सांगणारी पुस्तकं फार थोडी आहेत. हे त्यांतलं एक आहे, आणि दोषांसकट महत्त्वाचं आहे.

बाप, जहाजं आणि मुंबई

सालमेचा बाप सय्यिद सईद बिन सुलतान हा ओमानचा राज्यकर्ता. मस्कत ही त्याची मूळ गादी. झांझिबार हे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं बेट त्याला इतकं आवडलं की त्याने तिथेच राहायला सुरुवात केली आणि लवंगांच्या बागा वाढवल्या. त्याचं राज्य नकाशावर रंगवायला अवघड आहे, कारण त्यात जमिनीपेक्षा पाणी जास्त होतं. मस्कत, झांझिबार आणि मोसमी वाऱ्यांवर त्यांच्यामध्ये ये-जा करणारी जहाजं. झांझिबारच्या जकातीचा मक्ता जयराम शिवजी या कच्छी भाटिया पेढीकडे होता. सईदची मोठी जहाजं मुंबईच्या गोदीत बांधली जात. त्यांतलंच एक, ७४ तोफांचं ‘लिव्हरपूल’, मुंबईत १८२६मध्ये तयार झालं. सईदने ते १८३६मध्ये इंग्लंडच्या राजाला भेट देऊन टाकलं, आणि ब्रिटिशांनी त्याचं नाव बदलून ‘इमाम’ ठेवलं. म्हणजे अरब राजाने आपल्या जहाजाला इंग्रजी शहराचं नाव दिलं आणि इंग्रजांनी त्याच जहाजाला अरबी पदवीचं. दोस्तीचा तो काळ होता.

सालमेच्या पुस्तकाचा पहिला भाग याच काळातला आहे. जन्म १८४४चा, बेत-इल-म्तोनी या समुद्रकाठच्या वाड्यातला. आई जिल्फिदान, चेर्केस वंशाची, दासी म्हणून विकत आणलेली. बापाच्या मृत्यूच्या वेळी १८ मुलगे आणि १८ मुली हयात होत्या, असा हिशेब सालमे देते. सगळे वेगवेगळ्या आयांचे. हा आकडा वाचून आपण हसतो, पण पुढच्या राजकारणाची सगळी बीजं त्यात आहेत. थोरल्याला गादी हा नियम ओमानमध्ये नव्हता. टोळ्यांनी ज्याला मान्यता दिली आणि ज्याला ती टिकवता आली तो राजा. सईदने १८४४मध्येच ब्रिटिशांना कळवून ठेवलं होतं की आपल्यामागे आफ्रिकेतला मुलूख खालिद नावाच्या मुलाकडे आणि मस्कत थुवैनीकडे जावं. हा खालिद १८५४मध्ये वारला. त्याची जागा माजिदने घेतली.

१८५६च्या ऑक्टोबरात मस्कतहून झांझिबारला येताना सईद जहाजावरच वारला. घर त्याची वाट पाहत होतं. इथे पुस्तकाचा सूर बदलतो. तोवर सालमे एखाद्या प्रेमळ मावशीसारखी घर दाखवत असते: हा जिना, ही गॅलरी, इथे आम्ही घोड्यावर बसायला शिकलो. बाप गेल्याचं कळतं, आणि त्याच प्रकरणात हेही कळतं की जहाजावर बापासोबत असलेला बर्घश रात्रीच गुपचूप मृतदेह उतरवून दफन करून मोकळा झालाय. माजिद बापाला भेटायला समुद्रात गेला होता. तेवढ्या वेळात गादी बळकावता येते का, हे बर्घशने पाहिलं. जमलं नाही. सालमे हे सांगताना आवाज चढवत नाही. शोक आणि सत्तेचा डाव एकाच रात्री घरात आले, ते ती तसेच शेजारी शेजारी ठेवून देते. मला या पुस्तकातली ही पहिली मोठी जागा वाटते.

बंडाची कारकून

सालमे लिहायला चोरून शिकली होती. मुलींना वाचायला शिकवत, लिहायला नाही. तिने उंटाच्या खांद्याच्या हाडाची पाटी केली आणि कुराणातली अक्षरं गिरवली. हा प्रसंग तिच्याबद्दलच्या प्रत्येक लेखात येतो, बहुतेक वेळा स्त्रीशिक्षणाची प्रेरणादायी गोष्ट म्हणून. पण पुस्तकात त्या लिहिण्याचं पुढे काय होतं हे कुणी फारसं सांगत नाही. १८५९मध्ये बर्घशने माजिदविरुद्ध बंड रचलं, तेव्हा कटात सामील असलेल्या बहिणींमध्ये पत्रं लिहिता येणारी सालमे होती. म्हणून ती बंडाची चिटणीस झाली. बंदुका आणि दारूगोळा मागवणारी पत्रं तिच्या हातची होती.

ती बंडात गेली कशी, हेही बघण्यासारखं आहे. तिला बर्घशचं राजकारण पटलं होतं असं ती म्हणत नाही. तिचं खोले या सावत्र बहिणीवर जीवापाड प्रेम होतं आणि खोले बर्घशच्या बाजूची होती. माजिदने तिला कधी दुखावलं नव्हतं, उलट तो तिच्याशी चांगलाच वागला होता. आईही नुकतीच कॉलऱ्याने गेली होती. अशा वेळी माणूस ज्याच्या जवळ असतं त्याच्या बाजूने जातं. इतिहासाच्या पुस्तकात या बंडाच्या कारणांमध्ये अल-हार्थी टोळीची नाराजी, मस्कतच्या थुवैनीचा छुपा पाठिंबा, फ्रेंचांची फूस असं सगळं येतं. ते खरंच आहे. सालमेच्या पुस्तकात एक कारण वाढतं: बहिणीवरची माया. राजघराण्यांच्या भांडणात ते कारण किती वेळा असेल आणि किती वेळा कागदावर आलं नसेल, असा प्रश्न वाचताना पडतो.

मग तो प्रसंग येतो. माजिदच्या सैनिकांनी बर्घशच्या घराला वेढा घातला आहे. आत जायची सोय नाही, बाहेर यायची सोय नाही. एका रात्री बहिणी दासी-नोकरांचा लवाजमा घेऊन थेट वेढ्यात शिरतात. राजकन्यांना अडवायची पहारेकऱ्यांची छाती होत नाही. आणि परत निघताना त्यांच्या घोळक्यात अंगभर बायकी वस्त्र गुंडाळलेला, फक्त डोळे दिसणारा बर्घश असतो. सिनेमात हे दृश्य विनोदी झालं असतं. सालमे ते भीतीने लिहिते. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्या पडद्याला युरोपातले वाचक फक्त तुरुंग समजत होते, तोच इथे एका बंडखोराला सैन्याच्या मधून चालवत नेतो. सालमे यावर भाष्य करत नाही. ती गोष्ट सांगते आणि पुढे जाते.

पुढे मात्र पडदा पुरत नाही. बंडखोर ‘मार्सेय’ नावाच्या मळ्यावर जमतात. माजिदच्या मदतीला ब्रिटिश येतात. झांझिबारमधला ब्रिटिश कॉन्सल रिग्बी हा मुंबईच्या फौजेतला अधिकारी होता. मदतीला आलेल्या जहाजांत हिंदी आरमाराचं ‘असई’ होतं, मुंबईतच बांधलेलं. नाव ओळखीचं वाटलं ना? आजच्या जालना जिल्ह्यातलं असई, जिथे १८०३मध्ये वेलस्लीने मराठ्यांचा पराभव केला. एका गादीच्या पाडावाचं नाव घेऊन ते जहाज दुसऱ्या गादीचा निकाल लावायला गेलं होतं. मळा उद्ध्वस्त झाला, बर्घश शहरातल्या घरात परतला, आणि ब्रिटिश सैनिकांनी घरावर गोळ्या झाडल्यावर घरातून ‘अमान’ मागितला गेला.

ब्रिटिश कागदपत्रांत हा किरकोळ पोलीसी प्रसंग आहे. सालमेकडे तो आवाजांनी भरलेला आहे, कारण ती ज्या बाजूला आहे तिथून जहाज नीट दिसत नाही. गोळ्या भिंतीला लागतात ते ऐकू येतं. कोण ओरडलं, कोण गप्प बसलं, कुठल्या बहिणीचं घर कुठल्या घरासमोर आहे, याला तिथे अर्थ आहे. मी याला या पुस्तकाचं खरं वाङ्मयीन बळ म्हणेन. तिची गद्यशैली साधी, कधीकधी चक्क पाल्हाळिक आहे. पण साम्राज्याचा बळ वापरण्याचा क्षण ती ज्या अंतरावरून सांगते, ते अंतर कुठल्याच अधिकाऱ्याच्या अहवालात मिळत नाही.

बर्घशला शिक्षा म्हणून मुंबईला पाठवलं गेलं. दोनेक वर्षं तो तिथे राहिला. हे तेच दशक, ज्यात दिल्लीचा बादशहा रंगूनला गेला. गादीचा नको असलेला दावेदार दुसऱ्या बंदरात नेऊन ठेवायचा, ही रीत आपल्याकडेही नवी नव्हती. आणि हवा असलेला दावेदार आश्रयाला ठेवायचा, हीसुद्धा. राघोबादादांशी १७७५मध्ये सुरतेचा तह करताना मुंबईकरांच्या डोळ्यांसमोर साष्टी आणि वसई होती. झांझिबारचं प्रकरण वाचताना मराठी वाचकाला परकं वाटत नाही ते यामुळे.

निवाड्याची भाषा

सालमेच्या पुस्तकाशेजारी ठेवून वाचावा असा एक कागद आहे: १८६१चा कॅनिंग निवाडा. मस्कतच्या थुवैनीचं म्हणणं होतं की झांझिबार हा आपल्या राज्याचा भाग आहे. त्याने माजिदवर स्वारीसाठी जहाजं काढली, तेव्हा मुंबई सरकारने मध्ये पडून त्याला परत फिरवलं आणि वाद हिंदुस्थानच्या गव्हर्नर जनरलकडे लवादाला दिला. एडनचा रेसिडेंट कॉघलन चौकशीला नेमला गेला. २ एप्रिल १८६१ रोजी लॉर्ड कॅनिंगने निकाल दिला. माजिद झांझिबारचा राजा. त्याने दरवर्षी ४०,००० क्राउन मस्कतला द्यायचे. या रकमेचा अर्थ झांझिबार मस्कतच्या अधीन आहे असा होत नाही, ती दोघांच्या वारशातली तफावत भरून काढण्यासाठी आहे आणि वारसांनाही लागू राहील.

कागद म्हणून तो नेटका आहे. वाक्यं शांत आहेत. दोन भावांना सारखाच आदर दिलेला आहे. चौकशी खरोखर झाली होती आणि मुद्देही हास्यास्पद नव्हते: झांझिबारच्या लोकांनी माजिदला स्वीकारलं होतं, हा त्यांतला एक. पण त्याच सहीचा कॅनिंग तीनच वर्षांपूर्वी उत्तर हिंदुस्थानातलं बंड मोडून बसला होता, आणि लवाद मान्य करण्याआधी थुवैनीला समुद्रात अडवलं गेलं होतं, हे त्या शांत वाक्यांत कुठे दिसत नाही. तोफ आधी बोलून गेली की कागदाला ओरडावं लागत नाही. १८६२मध्ये ब्रिटन आणि फ्रान्सने मिळून दोन्ही राज्यांचं स्वातंत्र्य मान्य केल्याचं जाहीर केलं. एका समुद्री राज्याचे दोन तुकडे झाले, आणि दोन्ही तुकडे एकट्याने उभं राहण्याइतके मोठे नव्हते. पुढे झांझिबारकडून पैसे येईनासे झाले तेव्हा ती रक्कम हिंदुस्थान सरकारच्या तिजोरीतून मस्कतला जाऊ लागली. दोन अरब भावांमधला समेट टिकवायचा खर्च आपल्या करदात्यांनी उचलला.

सालमे या निवाड्यावर काहीच विचार करत नाही. तिच्या पुस्तकात त्याऐवजी बंडानंतरचा अबोला आहे. माजिदने बहिणींना शिक्षा केली नाही, पण गावाने केली. लोक येईनासे झाले. पुढे ती माजिदशी बोलू लागली तर खोले आणि बर्घश दुरावले. ती राहत होती ते बुबुबुचं घर ब्रिटिश कॉन्सलला हवं होतं. माजिदच्या शब्दाखातर तिने ते सोडलं आणि शहरात राहायला आली. शेजारी हाम्बुर्गचा व्यापारी हाइन्रिश रुएटे राहत होता.

जी गोष्ट ती सांगत नाही

इथे पुस्तक एकदम घाई करतं. रुएटेशी प्रेम, देश सोडणं, धर्म बदलणं, लग्न, हे सगळं एका छोट्या प्रकरणात उरकलं जातं. १८६६च्या ऑगस्टमध्ये ती ‘हायफ्लायर’ या ब्रिटिश युद्धनौकेतून एडनला गेली. ती तेव्हा गरोदर होती, हे पुस्तकात नाही. मूल एडनमध्ये जन्मलं आणि युरोपला जाताना वाटेत दगावलं, तेही नाही.

या मौनाबद्दल काही वाचक तिच्यावर रागावतात. मला ते मौन समजतं. पुस्तक तिने मुळात मुलांसाठी लिहायला घेतलं होतं, आणि छापलं तेव्हा ती परक्या देशात राहणारी विधवा होती. नवरा १८७०मध्ये ट्रामच्या अपघातात गेला होता. पण ती जे सांगते त्यातही एक गोष्ट उघडी पडते: तिला सुटकेसाठीही युद्धनौकाच लागली. पंधराव्या वर्षी जे आरमार तिच्या भावाच्या घरावर गोळ्या झाडायला मदतीला आलं, बाविसाव्या वर्षी तेच तिला बाहेर घेऊन गेलं. पुस्तकात पहिल्या प्रसंगात इंग्रज परके, दुसऱ्यात उपकारकर्ते, आणि तिसऱ्यात दगाबाज. तिसरा प्रसंग माझ्या मते पुस्तकाचा गाभा आहे.

१८७५मध्ये बर्घश, आता झांझिबारचा सुलतान, लंडनला पाहुणा म्हणून आला. सालमे भावाला भेटायला जर्मनीहून लंडनला गेली. तिला भेटले सर बार्टल फ्रिअर. होय, मुंबईचे गव्हर्नर राहिलेले तेच. फ्लोरा फाउंटनला आधी त्यांचंच नाव द्यायचं ठरलं होतं. फ्रिअर यांनी सभ्यपणे तिच्यासमोर निवड ठेवली: भावाशी समेट हवा, की मुलांच्या भविष्याची तरतूद? भेटीचा हट्ट सोडला तर सरकार मुलांकडे पाहील. तिने मुलं निवडली. सुलतान परत गेला, आणि मग उत्तर आलं की ती आता जर्मन प्रजा असल्याने ब्रिटिश सरकारला काही करता येत नाही.

हे प्रकरण वाचताना मी दोनदा थांबलो. १८५९ची गोळीबाराची रात्रही इतकी अस्वस्थ करत नाही. कुणी धमकावलेलं नाही, आवाज चढलेला नाही, कदाचित चहासुद्धा झाला असेल. ब्रिटिशांना त्या महिन्यांत बर्घश खूश हवा होता. घरातून पळालेली, ख्रिस्ती झालेली बहीण समोर येणं सोयीचं नव्हतं. तिला चार आठवडे गप्प ठेवायची किंमत म्हणजे एक आश्वासन. सालमेने ते लिहून ठेवलं आणि छापलं, याचं मोल मोठं आहे. मुत्सद्दी माणूस घरगुती शब्द वापरून काम कसं करून घेतो, याचा इतका स्वच्छ नमुना मी क्वचित वाचलाय.

मग जर्मनांची पाळी आली. १८८५मध्ये बिस्मार्कच्या जर्मनीने पूर्व आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर हक्क सांगितला, बर्घशने आक्षेप घेतला, आणि ऑगस्टमध्ये जर्मन युद्धनौका झांझिबारच्या बंदरात उभ्या राहिल्या. त्यांच्यापाठोपाठ ‘आडलर’ या बोटीतून सालमे आणि तिची मुलं आली. तिची मागणी बापाच्या वारशातल्या वाट्याची होती. पण ती वाट्याची मागणी जर्मन तोफांच्या छायेत उभी होती, आणि तिला एक मुलगा होता, सय्यिद सईदचा नातू आणि जर्मन नागरिक. हे गणित बंदरातल्या कुणालाही करता येत होतं. बर्घश नमला. जर्मनीला हवं ते मिळालं आणि सालमेच्या दाव्याची गरज संपली.

पुस्तकाचा शेवटचा भाग या सफरीचा आहे, आणि तोच सर्वांत दुबळा आहे. तिला गावातल्या गर्दीने प्रेमाने घेरलं, भावाला ते खपलं नाही, हे ती अभिमानाने सांगते. इंग्रजांनी आपल्याला वापरलं हे तिला पुरतं कळलंय. जर्मनांनी वापरलं हे ती म्हणत नाही. म्हणू शकत नव्हती, असंही वाटतं: पुस्तक बर्लिनमध्ये छापायचं होतं आणि आशा अजून सुटली नव्हती. पण टीकाकार म्हणून मला हे नोंदवायलाच हवं की दहा वर्षांपूर्वीच्या लंडनबद्दल इतकं तीक्ष्ण लिहिणारी बाई ‘आडलर’वर पाऊल ठेवताच वर्तमानपत्रासारखं लिहू लागते.

लवंगा कोण तोडत होतं

याहून मोठी अडचण गुलामगिरीची आहे. सालमेने तिच्यावर एक प्रकरणच लिहिलंय, आणि ते समर्थनाचं आहे. पूर्वेकडची गुलामगिरी अमेरिकेतल्यासारखी नसते, युरोपियनांना ती समजत नाही, अचानक मुक्त केलं तर मळे बुडतील, असा त्याचा सूर आहे. काळ्या माणसांबद्दल ती जे लिहिते ते आज वाचताना मान खाली जाते. युरोपच्या ढोंगावर तिने मारलेले काही फटके बरोबर बसतात, हेही खरं. पण तिची आई विकत आणलेली होती, हे तिनेच पहिल्या पानांत सांगितलेलं असतं. आईची गोष्ट मायेने सांगणारी लेखिका मळ्यावर लवंगा तोडणाऱ्यांपैकी एकालाही पूर्ण माणूस म्हणून पानावर आणत नाही.

आणि इथे साधी वाटणी मोडते. झांझिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला तो जून १८७३च्या करारानं. त्याआधी हेच फ्रिअर बोलणी करायला आले होते, आणि बर्घशने सही केली ती नाकेबंदीच्या धमकीनंतर. म्हणजे तीच जहाजं, तीच पद्धत. एका राजघराण्याला नमवणारी तोफ हजारो माणसांच्या विक्रीलाही आळा घालून गेली. बेटावर गुलामगिरीची कायदेशीर मान्यता संपली १८९७मध्ये, तोफांनी गादीवर बसवलेल्या हमूदच्या हातून. ‘साम्राज्य वाईट, म्हणून त्याचे बळी निर्दोष’ असं वाचन इथे टिकत नाही. ‘साम्राज्याने गुलाम सोडवले, म्हणून बाकी माफ’ हेही नाही; फ्रिअर यांच्या लंडनमधल्या दिवाणखान्यात गुलामांच्या मुक्तीचा प्रश्न नव्हता, तिथे एका आईची अडचण वापरली गेली होती. सालमेचं पुस्तक ही दोन्ही वाचनं अडवतं. एक तिच्या लिहिण्याच्या ताकदीमुळे, दुसरं तिच्या आंधळेपणामुळे.

मला विचाराल तर तिला ‘बंडखोर राजकन्या’ म्हणणाऱ्या पोस्टी आणि तिला ‘गुलामांची मालकीण’ म्हणून बाद करणाऱ्या पोस्टी, दोन्ही तिचं पुस्तक न वाचता लिहिता येतात. वाचलं की एक तिसरीच बाई भेटते. ती हुशार आहे, हट्टी आहे, स्वतःच्या वर्गाच्या पलीकडे फारसं पाहत नाही, आणि तीन वेगवेगळ्या सरकारांच्या कामी येऊन तिन्हींकडून रिकाम्या हाती परतते: भावाचं बंड, लंडनची कचेरी, बर्लिनचं परराष्ट्र खातं. १८९६मध्ये ती परदेशातच होती. त्या ३८ मिनिटांत ती लहानपणी ज्यात वावरली तो बेत-इल-साहेल वाडा पडला. खालिद जर्मन कॉन्सुलेटमध्ये पळाला आणि जर्मन बोटीने दार-एस-सलामला गेला. १९२४मध्ये सालमे जर्मनीत, येना शहरात वारली.

पुस्तकाचा जुना इंग्रजी अनुवाद आता कॉपीराइटमुक्त आहे आणि फोनवर फुकट उतरवून घेता येतो. सुरुवातीची वाड्याची आणि रीतीभातींची प्रकरणं कंटाळवाणी वाटली तर सरळ बापाच्या मृत्यूपासून सुरू करा, बंडापर्यंत या, मग लंडनचं प्रकरण वाचा. गुलामगिरीचं प्रकरण टाळू नका. आणि जमलं तर कॅनिंगचा निवाडाही शोधा. जेमतेम काही परिच्छेदांचा आहे. दोन्ही एका दिवसात वाचलेत तर त्या निवाड्यातली शांत वाक्यं जरा सावकाश वाचाल.